बुटका जॅक

जॅक विकत घ्यायला निघालेली बाई घरून काय घेऊन निघेल? बुर्माकाननं एक काडी घेतली होती. पॉप्लरच्या झाडाची, बोटभर जाड, वितीहून आखूड. आदल्या दिवशी तिनं धाकट्या भावाच्या गाडीच्या मागच्या चाकातली सगळी हवा सोडली, गाडी पार खाली बसली तेव्हा तिच्या पोटाखाली ही काडी उभी धरली, आणि जिथे अडली तिथे सुरीनं कापली. भावानं कपाळाला हात लावला.

"एजे, पंक्चर झालं तर जॅक आणतात. जॅकसाठी पंक्चर करणारी तूच पहिली!"

थोरल्या बहिणीला याहून जास्त बोलायची त्याची छाती नव्हती. सकाळी त्यानं मुकाट्यानं हवा भरून गाडीची किल्ली तिच्या हातात दिली.

घाटापलीकडच्या कोचकोर गावात उस्मानकुल जुने सुटे भाग विकायचा. लोखंडी डब्याचं दुकान, दारात रबर आणि ऑईलचा वास. बुर्माकान सरळ जॅकच्या ढिगापाशी जाऊन उकिडवी बसली.

"बाइके," थोरल्या भावाला हाक मारावी तसं ती म्हणाली, "सगळ्यात बुटका जॅक दाखवा."

"बुटका कशाला? हा बघ, बाटली जॅक. पाच टन उचलतो. गाडीचं सोड, सासूसुद्धा उचलेल."

"सासूला जॅक लागत नाही. चहाला उशीर झाला की ती आपोआप उठते."

उस्मानकुल पोट धरून हसला. बुर्माकान हसली नाही. तिनं जॅकशेजारी काडी उभी केली. जॅकचं डोकं काडीच्या चांगलं तीन बोटं वर होतं.

"नको."

"अगं, ताकद बघ की त्याची!"

"ताकद नंतर. आधी गाडीखाली शिरला तर पाहिजे."

उस्मानकुलनं तोंड वाकडं करत कात्री जॅक काढले, मिटले की चपटे होणारे. पहिला काडीपेक्षा बुटका निघाला, पण दांडा फिरवताना त्याचं टोक दर फेऱ्याला जमिनीला घासत होतं. दुसऱ्याचे आटे झिजले होते. तिसरा करड्या रंगाचा, दिसायला अगदीच गरीब. तिनं तो उस्मानकुलच्याच गाडीखाली सारला, तळाशी पिशवीतली फळी घातली आणि दांडा फिरवला. चाक जमिनीवरून सुटलं. मग ती नुसती बसून राहिली.

"आता कशाची वाट बघतेस?"

"खाली घसरतो का ते बघते."

नाही घसरला. बुर्माकाननं जॅक मिटून मांडीवर घेतला.

"ज्या गाडीसाठी हवाय तीच आणली असतीस तर लावून दाखवला असता," उस्मानकुल म्हणाला. "कुठाय ती?"

"घाटात आहे. मागच्या हिवाळ्यापासून."

उस्मानकुलचं हसू जागच्या जागी मावळलं. आता कुठे त्यानं तिच्याकडे नीट पाहिलं.

घाटातली ती गोष्ट त्या रस्त्यावरच्या प्रत्येक ड्रायव्हरला ठाऊक होती. पहिल्या बर्फात बुर्माकानचा नवरा बाजारातून घरी निघाला होता, तिच्या भावाच्या गाडीसारखीच गाडी घेऊन. तिसऱ्या वळणावर टायर फुटला. डिकीत नवाकोरा पाच टनी जॅक होता. ताकद बघून घेतलेला, चार लोकांना दाखवून मिरवलेला. पण टायर फुटून गाडी खाली बसली, आणि त्या फटीत जॅक शिरेना. त्यानं हातांनी चाकाखालची जमीन उकरली. जमीन गोठून दगड झालेली. घाटात थांबलेल्या गाडीला ओलांडून जायचं नाही, हा तिथला वाडवडिलांपासूनचा नेम. त्या दिवशी धुक्यात दोन गाड्या न थांबता गेल्या. दुसऱ्या सकाळी तो चाकाशेजारी सापडला, बोटं मातीत रुतलेली.

गाडी भंगारात गेली. तिचे तुकडे झालेले लोकांनी डोळ्यांनी पाहिले. तरी धुकं उतरलं की तिसऱ्या वळणावर ती उभी दिसते. शेजारी एक माणूस. भर उन्हाळ्यातही त्याच्या लोकरी नमद्याच्या टोपीवर हिम साचलेलं. तो जॅक मागतो, गाडीपाशी वाकतो, आणि जॅक परत आणून देतो.

"मीसुद्धा दिला होता," उस्मानकुल हलक्या आवाजात म्हणाला. "हाच, पाच टनी. पुसून परत केला त्यानं. म्हणाला, बसत नाही… तीन दिवस माझ्या हातात ऊब आली नाही बघ."

"मुल्लाकडून पठण झालं. मेंढा कापून झाला, वर्षश्राद्धाचं जेवण झालं. दर गुरुवारी सात पोळ्या तळते, वासानं का होईना त्याचं पोट भरावं म्हणून." बुर्माकान उठली. "सगळं केलं, बाइके. जॅक तेवढा राहिला होता."

"जातेस तर जा. पण त्याला नावानं हाक मारू नकोस. नाव घेतलं की मेलेला माणूस मागोमाग येतो."

"तो जिवंत असतानाही मी त्याचं नाव कधी घेतलं नाही. आमच्याकडे बायका घेत नाहीत. आता काय घेणार?"

घाट चढताना दुपार होती, ऊनही होतं. दुसऱ्या वळणाला ऊन गेलं. तिसऱ्याच्या अलीकडे धुकं असं दाटलं की बोनेटसुद्धा दिसेना. बुर्माकाननं काच खाली केली. थंड, ओली हवा आत आली आणि तिच्याबरोबर एक वास आला. तळणाचा. मेंढीच्या चरबीत पोळी सोडल्यावर येतो तो.

आसपास घर नव्हतं की तंबू नव्हता. पण आज गुरुवार. घरी तिच्याऐवजी लेक आत्ता चुलीपाशी असणार. म्हणजे वास इथवर पोचत होता. इतके गुरुवार पोचत होता, आणि याला घरी येता येत नव्हतं. बुर्माकानला रडू फुटलं. तिनं बाहीनं डोळे पुसले आणि गाडी पुढे घेतली.

तो उभा होता. मागे ती गाडी, एका अंगाला कललेली. त्यानं हात वर केला.

"एजे, जॅक आहे का?"

रस्त्यावरच्या कुठल्याही परक्या बाईला म्हणावं तसं म्हणाला. वीस वर्षं एका पातेल्यातलं खाल्लं, आणि ओळखीची एक खूण त्या डोळ्यांत नव्हती.  तरी बुर्माकान उतरली.

"आहे," ती म्हणाली. "बुटका आहे."

तिनं त्याच्या हातात दिला नाही. स्वतःच गुडघ्यांवर बसली, आधी पुढच्या चाकामागे दगड लावला, मग फळी सरकवली. उकरलेल्या जमिनीवर नखांचे ओरखडे होते, कालचे असावेत इतके ताजे. तिनं जॅक आत सारला.

गेला. वर बोटभर फटही राहिली.

"बसला…" तो म्हणाला. लहान पोरासारखा म्हणाला. "एजे, बसला की हो…"

ती दांडा फिरवत गेली. कर्र… कर्र… धुक्यात दुसरा आवाज नव्हता. त्याचा श्वास तिच्या कानाशी होता, पण वाफ फक्त तिच्या तोंडातून निघत होती. त्यानं नट सोडवले, स्टेपनी चढवली, नट आवळले. गाडी चार चाकांवर उभी राहिली. त्यानं जॅक फडक्यानं पुसला, आधी आटे, मग दांडा, अगदी नेहमीसारखा, आणि तिच्यापुढे धरला. दगड रस्त्यावरून उचलून कडेला टाकला.

"आता घरी जातो," तो म्हणाला. "वाट बघत असतील."

इंजिन सुरू झालं. लाल दिवे धुक्यात दिसेनासे झाले. घाटाच्या खाली, गावाकडे.

बुर्माकान कितीतरी वेळ हुंदके देत बसून राहिली. सुटला बिचारा, असं तिला वाटत होतं. तो घरी जातो म्हणाला, त्याचा अर्थ तिच्या ध्यानात आला तो गाव दिसायला लागल्यावर.

सांज होत होती. अंगणात भुरभुर बर्फ पडलं होतं. त्यात चाकांच्या दोन रेघा फाटकातून आत आल्या होत्या आणि वर्षभर रिकाम्या पडलेल्या शेडच्या दाराशी संपल्या होत्या. बाहेर जाणारी रेघ नव्हती. दारात लेक उभी होती, हातात झारा.

"आई, मामा गाडी घेऊन गेला का शेडमध्ये? आवाज आला… हाक मारली तर कुणी ओ देईना."

"आत जा. आणि तळण बंद कर," बुर्माकान म्हणाली. "साधं जेवण कर. चौघांचं."

"आजी, तू, मी. चौथं कोण?"

"जा म्हणते ना."

शेडचं दार आतून लावलेलं होतं. फळ्यांना कान लावला तर तापलेलं इंजिन निवताना करतं तसा बारीक आवाज येत होता. टक्… टक्… टक्… उंबऱ्याखालचं बर्फ वितळून पाणी वाहत होतं. आत कुणीतरी दारापर्यंत चालत आलं.

"एजे…" फळ्यांपलीकडून तो म्हणाला. अदबीनं, अगदी अनोळखी. "वाट इथंच संपली. हे घर कुणाचं?"

 उस्मानकुलचं बोलणं बुर्माकान विसरली नव्हती. पण वर्षभर घाटात उभ्या असलेल्या माणसाला आता स्वतःच्या दारातून परत कसं पाठवायचं? तिनं डोक्यावरचा रुमाल नीट केला, दोन्ही हात फळ्यांवर टेकले, आणि आयुष्यात पहिल्यांदा नवऱ्याचं नाव घेतलं.

"हे इशेनबायचं घर," ती म्हणाली.

इंजिनची टकटक थांबली. मग आतून कडी निघाली.