टाच

मास्तरांची उभी हयात ख्रिस्ती धर्मशास्त्राच्या शाळेत हिब्रू शिकवण्यात गेली. आता डोळे अधू झाले होते, पण खोड काही जात नव्हती. कुणी नाव सांगायचा अवकाश, की अर्थ सांगून मोकळे. त्यामुळे लेकीने होणाऱ्या बाळासाठी ‘याकोब’ नाव पक्कं केलं, तेव्हा त्यांना राहवलं नाही.

“अगं, बायबलातला याकोब जुळ्यातला धाकटा. थोरल्याची टाच धरून बाहेर आला, म्हणून ते नाव. थोरला एसाव, तो जन्मला तोच अंगभर केसांचा. पुढे धाकट्याने त्याचं सगळं लुबाडलं. तुला तर एकच होणार आहे.”

“बाबा, तुम्ही पण ना. मला ते नाव आवडलंय.”

“धरायला टाच नाही मिळाली, तर माझी धरेल,” जावई म्हणाला. सगळे हसले.

बाळ सुखरूप झालं. खांद्यांवर, दंडांवर मऊ काळी लव होती. “झडते हो ती,” सिस्टर म्हणाली, आणि दुपटं गुंडाळताना तिचा हात थबकला. टाचेवर बोटांचे निळसर वळ होते. तुमचीच पकड बसली असेल, म्हणत मास्तरांनी तिला बोटं लावून पाहायला सांगितलं. तिची बोटं फारच मोठी पडली. तिने घाईने दुपटं गुंडाळलं आणि निघून गेली.



घरी आल्यावर बाळ दूध ओढेना. अंग धरायचं सोडून सुकत चाललं. वळ मात्र टाचेवरून घोट्यावर आले, मग पोटरीवर. डॉक्टरांना तपासणीत काहीच सापडलं नाही.

“नाव बदल,” मास्तर लेकीला म्हणाले.

“पोर हातचं चाललंय, आणि तुम्हाला नावाचं पडलंय?” ती रडत म्हणाली. मास्तरांना स्वतःची लाज वाटली, आणि भीती त्याहून जास्त.

मग एका दुपारी तिने आनंदाने हाक मारली. बाळ घटाघटा दूध पीत होतं. गाल वर आले होते. जावयाला तर काय करू नि काय नको असं झालं होतं.

“घ्या ना, बाबा.”

मास्तरांनी बाळ मांडीवर घेतलं आणि पाय चाचपला, डोळ्यांजवळ नेऊन पाहिला. वळ गेले होते.

दंड चाचपले. गुळगुळीत.

लव झडते, हे खरं. पण कालपर्यंत होती.

बाळाने त्यांचं बोट धरलं. त्या इवल्या मुठीत एवढा जोर कुठून आला, कळेना. बोट सुटेना.

 मास्तर अगदी हळू पुटपुटले, “एसाव.”

मांडीवरचं बाळ स्वस्थ होतं.

“बाबा,” लेक स्वतःच्या पोटावर हात ठेवून म्हणाली, “आत लाथ मारल्यासारखं झालं.”