नऊ ते बाराची खरखर

"हेल्पलाइन, सुबोध बोलतोय. काय प्रॉब्लेम आहे मॅडम?"

"तुमचं इंटरनेट, तोच प्रॉब्लेम," कल्पिता म्हणाली. "सकाळपासून मोडेम नुसता किंचाळतोय. जोडला जातो, दोन मिनिटं होत नाहीत की तुटतो. आणि मला मॅडम नका म्हणू, मी तेवीसची आहे."

"बरं... मग मॅडम राहिलं. इथं फॉर्मवर नाव कल्पिता दिसतंय, ते चालेल?"

चिडलेली असूनही तिला हसू आलं. झालं, तिथंच सगळी गोची झाली.

खरं तर हसण्याची वेळ नव्हती. वर्सोव्याच्या कोळीवाड्यातल्या घराच्या माळ्यावर ती कॉम्प्युटर मांडून बसली होती. चकाल्याच्या एका ऑफिसातून डॉक्टरांच्या कॅसेट यायच्या. त्या ऐकून टाइप करायचं आणि दुपारी एकच्या आत मेलने धाडायचं. पंधरा दिवसांची ट्रायल होती. घरून वेळेवर पाठवता आलं तर नोकरी पक्की, नाहीतर आई पुतळाबाई टोपली घेऊन तयारच होती. "चल गो बाजारात, माझ्या बाजूला बस." मासे विकण्यात कल्पिताला कसला कमीपणा वाटत नव्हता. पण ही नोकरी तिची तिने मिळवली होती आणि तिला ती हवीच होती.

"आता फोन ठेव," सुबोध म्हणाला, "मग रिसीव्हर उचलून एकच आकडा दाब आणि ऐक. लाइन शांत हवी. दहा मिनिटांनी मी फोन करतो."

"तेवढ्यात मी इंटरनेट लावलं तर?"

"तर मला एंगेज लागेल. म्हणजे तुझं काम झालं."

असा सगळा उलटा कारभार. मोडेम चालला की फोन बंद, आणि मोडेम रुसला की सुबोध हजर. चार दिवसांत त्याने खालचा पॅरलल फोन काढायला लावला, मोडेमचा स्पीड कमी करायला लावला. "हळू जाऊ दे गं, पण पोचू दे." तो नाहूरला राहायचा, गाव देवगड, आणि हापूसवरून भांडायला सदा तयार.

"ही खरखर नसती तर तुझा आवाज कसा असता, विचार करतोय," तो एकदा म्हणाला.

"हे फॉर्मवर विचारायचं असतं?"

"नाही... पण मी लिहून घेईन."

खरखर मात्र मोठी विचित्र. रोज सकाळी नऊला सुरू व्हायची आणि बाराला विरत जायची. सुबोधने डोकं खाजवलं, लाइनमन येऊन गेला, कुणाला काही कळेना.

कळलं ते कल्पिताला, मंगळवारी. आकडा दाबून, रिसीव्हर कानाला लावून ती खिडकीत उभी होती. समोर गच्चीवर पुतळाबाई बोंबील वाळत घालत होती. दोन बोंबील तोंडात तोंड अडकवायचे आणि जोडी टाकायची दोरीवर. पण यंदा बोंबील उदंड आलेला, खाडीकडच्या वलांड्या, मासळी सुकवायच्या बांबूच्या माळा, भरल्या, म्हणून आईने खांबावरून घरात येणारी काळी तार धरली होती. टेलिफोनची! आईने जोडी टाकली की कानात खर्र. दुसरी जोडी, पुन्हा खर्र. ओझ्याने तार ताणली जात होती, आणि खारं पाणी ओघळून कठड्याजवळच्या जोडात शिरत होतं. बारापर्यंत उन्हाने ते सुकलं की खरखर विरत असणार.

कल्पिताने आईला हाक मारायला तोंड उघडलं... आणि मिटलं. लाइन साफ झाली की सुबोधचा फोन कशाला येईल?

तिने अक्कल चालवली. पहाटे उठायची, नऊच्या आत पानं धाडायची आणि नऊनंतर बिचारा चेहरा करून फोनजवळ बसायची. पण चोरीचा मामला कधी पचतो का? शनिवारी, ट्रायलच्या शेवटच्या दिवशी, ऑफिसने दहा वाजता तातडीची कॅसेट धाडली. हे पान एकच्या आत घरून आलं नाही तर सोमवारी दुसरी मुलगी, असा निरोपही.

साडेअकराला टाइप झालं. कल्पिता गच्चीवर धावली, सगळे बोंबील उतरवले. तरी खरखर थांबेना. इतक्या दिवसांच्या खाऱ्या पाण्याने जोड पार गंजला होता. वाट लागली. रडू आवरत तिने हेल्पलाइन लावली.

"सुबोध, तारेचा जोड सडलाय. एकच्या आत पाठवायचंय. काय करू?"

"कशाला हात लावू नकोस. मी येतो."

पाऊण तासात रिक्षातून उतरला. बारीक, चष्मेवाला, हातात पक्कड. दोघांनी एकमेकांना पहिल्यांदाच पाहिलं.

"पोट दुखतंय सांगून निघालो," तो कसाबसा म्हणाला. गच्चीवर त्याने हिरवा पडलेला जोड कापला, तांबं घासून लखलखीत केलं, पीळ घातला, वर चिकटपट्टी. मग बाजूचा बोंबलांचा ढीग पाहिला. "हे तारेवर होते? तुला माहीत नव्हतं?"

"मंगळवारपासून माहीत होतं."

"अगं, मग बोलली का नाहीस? नोकरी गेली असती तुझी."

"बोलले असते तर तू फोन केला असतास का?" तिचे डोळे भरून आले. "मला तुझ्याशी बोलायचं होतं रे. मूर्खपणा केला, माहितेय."

सुबोध चिकटपट्टी गुंडाळतच राहिला. "तुझी तक्रार साहेबांनी बुधवारीच बंद केली," तो हळूच म्हणाला. "त्यानंतरचे सगळे फोन... मी खालच्या पीसीओवरून करत होतो. जेवायच्या सुट्टीत."

एकला सात मिनिटं असताना पान गेलं. तेवढ्यात पुतळाबाई बाजारातून आली. आधी ढीग पाहिला, मग पोरगा पाहिला.

"कोन रे तू? माझे बोंबील कोनी उतरवले?"

"मी नवी दोरी बांधून देतो, मावशी."

"बांध. मग जेवून जा," ती म्हणाली, आणि लेकीकडे बघत आत गेली.

नोकरी पक्की झाल्याचा मेल संध्याकाळी आला. रविवारी दुपारी फोन वाजला. लाइन इतकी स्वच्छ होती की त्याच्या घरच्या पंख्याची कुरकुर ऐकू येत होती. आता आड लपायला खरखरही उरली नव्हती.

"बोल ना," ती म्हणाली.

"कल्पिता... तू मला आवडतेस. खूप."

तिने रिसीव्हर कानाशी घट्ट धरला.

"काहीच ऐकू आलं नाही रे," ती म्हणाली. "परत सांग."