पाठीखालची ऊब

बसा अक्का. लाईट यायला अजून वेळ आहे. मेणबत्ती त्या गादीजवळ ठेवा, म्हणजे दोघींना दिसेल. तुमचे भाऊ परसात आंघोळीला बसलेत, लवकर उठायचे नाहीत. नळ वाजतोय तोवर मी बोलते. तो थांबला की भाजीचं काहीतरी विचारा.

सकाळी उदगीरहून आल्या आल्या तुम्ही विचारलंत, की मे महिन्याच्या या काहिलीत तुमचा महेशकुमार हवेच्या गादीवर का निजतो, आणि तो उठला की मी तिच्यावर वरवंटा का ठेवते. तेव्हा ते समोर होते म्हणून हसून टाळलं.

हौस त्यांचीच. हुमनाबादला रोडवर टायरचं दुकान, दिवसभर लोकांच्या चाकांत हवा भरायची आणि घरी आल्यावर मोबाईलवर रानात मुक्काम करणाऱ्यांचे व्हिडिओ बघायचे. डिसेंबरात पार्सल आलं. झाडाला बांधायचे दोन हॅमॉक, म्हणजे आपल्या झोळ्याच, फक्त वरून जाळी आणि जाळीला चेन. सोबत दोन हवेच्या गाद्या. झोळीत गारठा खालून लागतो म्हणे. पांघरूण पाठीखाली दबतं आणि त्याची ऊब जाते, म्हणून मधे हवा पाहिजे. कंप्रेसर लावला तर गादी फुटेल, म्हणून यांनी दोन्ही तोंडानं फुगवल्या. मी हसले. म्हटलं, आजवर मशीननं भरली, आज स्वतःची भरताय.

जागा ठरली हळ्ळीखेडच्या पुढची, ओढ्याकाठी, निलम्माच्या शेतात. तिचा मुलगा यांचं जुनं गिऱ्हाईक. शेताच्या बांधावर चिंचेची झाडं आहेत, जवळजवळ उभी. दिवस मावळायच्या आत झोळ्या बांधून झाल्या. निलम्मा काठी टेकत आली, झोळ्यांकडे बघत राहिली, घरात गेली आणि पदरात धरून वरवंटा घेऊन आली.

“रिकामी झोळी झुलू दिऊ नगा,” ती म्हणाली. “पूर्वी ऊसतोडीच्या बाया हितं लेकरं निजवायच्या. लेकरू उचललं की झोळीत दगड ठिवायच्या.”

“कामून?” यांनी विचारलं.

“मोकळी जागा दिसली की कुणी बी येतंय, अप्पा. माझ्याजवळ हा एकच हाय. म्हणून दोघं एकदम उठू नगा.”

ती गेल्यावर हे पोट धरून हसले. मी वरवंटा माझ्या झोळीखाली ठेवून दिला. म्हातारीचा मान राखला, इतकंच.

थंडी अशी पडली की विचारू नका. ओढ्याची ओल, जळक्या पाचटाचा वास, आणि ऊस असा गप्प की पानाला पान लागत नव्हतं. पण पाठीखालची गादी खरंच गरम होती. मधेच मला उठावं लागलं. वरवंटा आठवला, पण एवढं ओझं उचलायचा कंटाळा केला. दोन मिनिटांचं तर काम.

परत आले, आत शिरले, चेन ओढली. गादी मी सोडली त्याहून गरम लागली. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. मग लक्षात आलं, मी श्वास सोडला की पाठीखाली ती फुगतेय, आणि मी घेतला की बसतेय. मी श्वास धरून ठेवला. ती फुगत राहिली. दोन्हीकडचं कापड वर येऊन गालाला चिकटलं, आंबट दुधाचा वास आला, हात छातीवर अडकले ते हलेनात. चेनीपर्यंत बोटं कशीबशी गेली, पण चेन सरकेना. जिवंतपणी कुणी गाठोड्यात बांधावं तसं झालं. मी मरतेय असंच वाटलं, अक्का.

“अहो…” एवढाच शब्द निघाला.

हे अनवाणी पळत आले. चेन ओढली, मग जाळीच टराटरा फाडली आणि मला बाहेर घेतलं. मी वरवंटा उचलून झोळीत टाकला. झुलणारी झोळी जागच्या जागी थांबली. मग हात घालून गादीचा वॉल्व्ह उघडला. मनगटावर गरम हवा येत राहिली, खूप वेळ, आणि मग गादी चपटी झाली. आत जे काही होतं ते गेलं. परत आलं नाही.

“चेन अडकली व्हती गं. एवढं भ्यायला काय झालं?” म्हणून हे परत आपल्या झोळीकडे गेले. ती हलकेच झुलत होती. वारा तर नव्हता. हे आत शिरले आणि मला म्हणाले, “माझी जागा अजून गरमच हाय बघ.”

मी शेकोटीजवळ वरवंटा मांडीवर घेऊन बसले होते. मला बाहेर काढायला हे उठले तेव्हा यांची झोळी रिकामी राहिली आणि दगड एकच होता, हे माझ्या डोक्यात आलं ते उजाडल्यावर.

सकाळी हे म्हणाले, वॉल्व्ह जाम झालाय. ज्यांचा जन्म वॉल्व्ह काढण्यात गेला, ते. मग यांची गादी तशीच फुगलेली, गाडीवर मागे बसून मांडीवर धरून मी घरी आणली. वाटेत ऊन लागत होतं, पण मांडीवरची ऊब उन्हाची नव्हती.

त्या दिवसापासून हे हिच्यावरच निजतात. म्हणतात, थंडी वाजायली. दुकानात बसतात, पण टायरला हात लावत नाहीत. मला वाटलं, ते जे काही आहे ते गादीत आहे आणि यांना ओढतंय. म्हणून हे उठले की मी निलम्माचा वरवंटा तिच्यावर ठेवायला लागले. तो परत द्यायला मी गेलेच नाही.

परवा हे असेच पाणी प्यायला परसात गेले. मी वरवंटा ठेवला. तो वरखाली व्हायला लागला, निजलेल्या माणसाच्या छातीवर ठेवल्यासारखा. मी वाकून कान लावला.

“जड व्हायलंय गं, ज्योती… दगड काढ.”

आवाज यांचा. आणि त्याच वेळी परसात हे खोकत होते.

मी कान तसाच लावून ठेवला. मग आणखी एकदा आलं, अगदी बारीक… “विज्जक्काला बोलीव.”

म्हणून तुम्हाला फोन केला. विज्जक्का म्हणून तुम्हाला एकच माणूस हाक मारायचा, मला ठाऊक आहे. परसातले ते सकाळपासून तुम्हाला ताई म्हणतायत. प्रत्येक वेळी तुमचं तोंड उतरलेलं मी पाहिलंय.

म्हणजे इतके महिने मी रोज माझ्या हातानं माझ्याच माणसाच्या छातीवर दगड ठेवला. आणि जे यांच्या अंगात शिरून बाहेर फिरतंय त्याला ताट वाढलं. त्याला संशय नको म्हणून आजही दगड ठेवलाय.

हा बघा वॉल्व्ह. मघाशी फिरवून पाहिला, जाम बिम काही नाही, बोटानं फिरतोय. पण त्या रात्री माझ्या गादीतलं निघालं ते कायमचंच गेलं. उघडलं तर हे सुटतील, की आत जो यांचा श्वास उरलाय तोही जाईल? मला कळत नाही. मला नुसती भीती वाटते. तुमच्या पाठचा भाऊ आहे, तुम्ही सांगा.

नळ थांबला.

पावलं दारापर्यंत यायच्या आत सांगा अक्का… माझं बोट वॉल्व्हवर आहे. आधी तेवढा वरवंटा उचला. जड लागायचा नाही. खालून त्यांनी धरलाय.