विजयसिंहला न दिसलेली फट

म्हशीनं वांगी खाल्ली, तिथून सगळं सुरू झालं.

शशिधर मगदुमांच्या बंगल्यामागची बाग तशी लहानच, पण दानेश्वरीबाईंचा जीव तिच्यात. जुनं कुंपण म्हणजे कुजके वासे आणि गंजकी तार. शेजारच्या गुंडूची म्हैस त्याला अंग घासता घासता एक दिवस सरळ आतच आली आणि वांग्याचा वाफा साफ करून, वर शेण टाकून गेली.

"खत तरी मिळालं की वैनी," गुंडू दात काढत म्हणाला.

"अवो, कुंपण घाला," बाईंनी नवऱ्याला बजावलं, "न्हायतर ह्या म्हशीला आन् गुंडूभावजींना एकाच दाव्याला बांधीन."

शशिधरराव भूमापन खात्यातून निवृत्त झालेले. भावाभावांच्या हद्दीची भांडणं मिटवण्यात त्यांचं आयुष्य गेलेलं. जगातली निम्मी भुतं चुकीच्या मोजणीतून जन्माला येतात, असं त्यांचं ठाम मत.

राजारामपुरीतल्या कुंपणाच्या सामानाच्या दुकानात नवरा-बायकोनं मालकाचं डोकं उठवलं. बाईंना मेंदीचं हिरवं कुंपण हवं होतं.

"मेंदी वाढेपर्यंत म्हैस आजी होईल," शशिधरराव म्हणाले.

मग त्यांनी पत्रा दाखवला, तर बाईंना घराचं गोदाम होताना दिसलं. सिमेंटच्या फळ्या बघून त्या म्हणाल्या, "मला जन्मठेप झालीया काय?" शेवटी लोखंडी खांब आणि तारेची जाळी ठरली, ती दोघांनाही फारशी आवडली नव्हती म्हणून.

जाळी विजयसिंहनं बसवली. हा वेल्डिंगवाला हातापेक्षा तोंडानं जास्त काम करायचा, पण जाळी तबल्यासारखी ताणून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोपऱ्यातला खांब आणि जाळी यांच्यामध्ये फट होती.

शशिधररावांनी त्याला बोलावून घेतलं. विजयसिंह बाहेरच्या अंगाला, गुंडूच्या गोठ्याजवळ उभा राहिला.

"सायेब, जाळी खांबाला चिकटलीया की."

"चिकटली कुठं? माझी मूठ जातीय यातून!"

"चष्मा कधी बदललासा?"

शशिधररावांचा पारा चढला. त्यांनी फटीतून कोपरापर्यंत हात घातला. "हा बघ हात!"

विजयसिंहनं वाकून पाहिलं. खांबाच्या मागंपुढं पाहिलं.

"कुठाय?"

गोठ्यावर रणरणतं ऊन होतं. शशिधररावांच्या बोटांना मात्र सावलीतला गार वारा लागत होता, आणि ओल्या मातीचा वास येत होता. त्यांनी हात झटकन मागं घेतला. मग ते बाहेरून जाऊन बघून आले, तर फट नाही. आत आले, तर आहे. परत बाहेर. परत आत.

"व्यायाम चाललाय काय सायेब?" गुंडूनं विचारलं.

विजयसिंहनं बाहेरून दुहेरी तार आवळली आणि चहा न घेता गेला. तो चहा सोडून गेल्याचं आजवर कुणी पाहिलं नव्हतं.

फट रुंदावत गेली. एकदा शशिधररावांनी धीर करून डोळा लावला. गोठा नव्हता, गुंडू नव्हता. एक बाग होती, भरलेला वांग्याचा वाफा होता, आणि पलीकडे एका घराचं मागचं दार. रंगसुद्धा यांच्याच घराचा. त्यांनी मान फिरवली. मोजणीचा टेप बाहेर काढायचीही त्यांना इच्छा झाली नाही.

बाईंनीही डोकावून पाहिलं, आणि त्यांचं लक्ष फक्त वांग्यांवर गेलं. "काय काटेरी हायत वो! भरीत झ्याक हुईल."

"तिकडं जायचं नाही," ते म्हणाले.

"मग म्हशीनं खाल्ल्याली कोन भरून देनार? भूमापन खातं?"

त्या दुपारी शशिधररावांना डुलकी लागली. जाग आली तेव्हा घर गप्प होतं. त्यांनी हाक मारली. पुन्हा मारली. मागं जाऊन पाहतात तर फटीपाशी बाईंच्या चपला, शेजारी शेजारी नीट काढून ठेवलेल्या.

साऱ्या जिल्ह्याच्या हद्दी ओलांडलेला माणूस, पण पाय उचलेना. जाळी धरून ते हाका मारत राहिले.

आणि बाई आल्या. पदराच्या ओटीत वांगी घेऊन, अंग चोरून फटीतून आत आल्या.

"कुठं होतीस?"

"हितंच की."

एवढंच बोलून त्या घरात गेल्या. अनवाणीच. चपलांकडे त्यांनी पाहिलंही नाही.

शशिधररावांनी मागं वळून पाहिलं. फट मिटली होती. जाळी खांबाला अशी भिडलेली, की नखही शिरेना. ते पायरीवर बसले आणि स्वतःशीच हसले. उगाच घाबरलो. आतून वांगं भाजल्याचा खमंग वास आला.

तेवढ्यात जाळीपाशी कुणीतरी खाकरलं.

"अवो." आवाज दानेश्वरीबाईंचा होता. वैतागलेला, बारीक. "वाट कुठं गेली? चपला तरी टाका हिकडं, काटं मोडाय लागल्यात पायात."

जाळीपलीकडं गोठा होता. म्हैस रवंथ करत होती. दुसरं कुणी नव्हतं.

शशिधरराव उठले. चपला त्यांनी हातात घेतल्या.

"अवो!" आवाज आता रडवेला झाला होता.

स्वयंपाकघरात भाकरी थापणं थांबलं.

"ओ देऊ नका," आतून तोच आवाज मायेनं म्हणाला. "जेवाय या."