मापाचा माणूस

धाकट्याने चाळीस वर्षं लोकांच्या कवळ्या बनवल्या. त्याच्या हातचे दात लावून निम्मं शहर हसत आणि चावत होतं, पण ते दात कोणी केले हे त्यातल्या एकालाही ठाऊक नव्हतं. बसवणारा डॉक्टर पुढच्या खोलीत, बनवणारा मागच्या. निवृत्त झाल्यावरही त्याने घरातली मागचीच खोली धरली. फक्त आता तिथे दातांऐवजी बोटी व्हायच्या.

ताई त्याच्याहून तीन वर्षांनी मोठी, शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेली. दोघांनीही लग्न केलं नव्हतं. त्यामुळे भांडायला घरात तिसरं कोणी नव्हतं आणि ती सगळी हौस दोघं एकमेकांवरच भागवून घ्यायची. कामाची वाटणी मात्र पक्की होती. हात त्याचे, वही तिची. प्रत्येक तुकड्याचा नंबर, लांबी, जाडी ती वहीत टिपायची आणि एखादा आकडा चुकला तर शाळेत फळ्यापाशी उभं करावं तसं त्याला उभं करायची.

या वेळची बोट शहरातल्या संग्रहालयाने सांगितली होती. वाफेवर चालणारी, दोन्ही कुशींना दोन प्रचंड चाकं असलेली, फळ्यांनी पाणी मागे लोटत नदीतून माणसं नेणारी. खरी बोट केव्हाच मोडीत निघाली होती. उरले होते तीन फोटो आणि एक अर्धा फाटलेला नकाशा. प्रमाण ठरलं अठ्ठेचाळीसास एक. म्हणजे खऱ्या बोटीवरचे अठ्ठेचाळीस मिलिमीटर इथे एक मिलिमीटर. तरीही बोट मीटरभर लांब होणार होती आणि खिडकीखालचं सगळं टेबल अडवणार होती.

ही बोट शेवटची होती. धाकट्याचा डावा डोळा गेलाच होता. उजव्याच्या मधोमध धुरकट डाग धरला होता आणि बारीक काम फार तर चार महिने जमेल, असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं होतं. ताईने दुसऱ्या दिवशी टेबलावर आणखी एक दिवा आणून लावला, आणि त्याने तो कुठून आणला म्हणून विचारलं नाही.

त्याला काम करताना बघणं हे ताईचं सुख होतं. एका चाकाला चोवीस फळ्या, एका फळीला सहा खिळे, आणि खिळ्याचं डोकं खसखशीहून लहान. डोळा दगा द्यायला लागल्यावर तो बोटांनी बघायला लागला. केसाएवढा उंचवटा त्याच्या बोटाला कळायचा. दाताखाली आलेला केसही माणसाला सहन होत नाही, त्यामुळे ही नजर त्याच्या बोटांत आधीपासूनच होती. ताईला वाटायचं, माझ्या भावासारखे हात या शहरात दुसऱ्या कुणाचे नाहीत, आणि असं वाटल्यावर ती मुद्दाम त्याची एखादी चूक काढायची.

वर डेक बसवून जे कायमचं झाकलं जाणार होतं तेही तो करायचा. खालच्या जेवणघरातल्या खुर्च्या, केबिनमधली कपाटं, इंजिनाच्या चाव्या.

"आत कोण बघायला जाणार आहे?" ताई विचारायची.

"मला माहीत असेल ना," तो म्हणायचा.

बोटीवर माणसं मात्र तो कधीच ठेवत नसे. माणूस केला की तो बाहुली दिसतो आणि मग बोटीचं खेळणं होतं, हे त्याचं म्हणणं. पण मापासाठी त्याच्याकडे एक माणूस होता. कवळीच्या हिरड्या करतात त्या गुलाबी अ‍ॅक्रिलिकचा, पस्तीस मिलिमीटर उंच, नाक-डोळे नसलेला. दार झालं की त्या माणसाला दारात उभं करायचं, डोकं आपटतं का बघायचं. खुर्चीत बसवून टेबलाची उंची पाहायची, जिन्यावर चढवून पायऱ्या. संध्याकाळी तो काड्यापेटीत परत जायचा. "सुटला कामावरून," असं म्हणून धाकटा पेटी बंद करायचा.

वरचा डेक एका सोमवारी दुपारी कायमचा चिकटवला. तो इतका चपखल बसला की ताईला चूक काढायला जागा मिळेना. मंगळवारी सकाळी वरच्या कठड्याची उंची तपासायला तिने काड्यापेटी उघडली. पेटी रिकामी होती.

टेबलाखाली शोधलं, झाडून बघितलं, केरही उपसला. मग धाकटा खुर्चीत बसला आणि त्याचा चेहरा उतरला.

"जेवणघरात होता. खुर्चीची पाठ बघत होतो. काढायचाच राहिला."

"राहू दे की. कोणाला दिसणार आहे?"

"माझ्या बोटीत माझी चूक राहील, ताई. तीही शेवटच्या. डेक कापून काढतो त्याला."

डेक कापायचा म्हणजे वरच्या केबिन, कठडे, धुराडं, सगळ्याची वाट लागणार. ते पुन्हा उभं करण्याएवढी नजर त्याच्यात उरली नव्हती, हे तिला कळत होतं आणि त्यालाही. बोट मोडून तशीच पडली असती तर तो त्यातून उठला नसता. "आधी कुठे आहे ते तर बघू," म्हणून तिने वेळ मारून नेली.

इंजिनावर पोस्टाच्या तिकिटाएवढी झडप उघडी होती. दात बघायचा लांब दांड्याचा आरसा आणि छोटी बॅटरी घेऊन ताईने त्यातून आत पाहिलं. जेवणघरातल्या खुर्च्या रिकाम्या होत्या. गुलाबी माणूस जिन्याच्या पायथ्याशी होता. बोट कलती केली तेव्हा घरंगळला असेल, असं ती स्वतःशी म्हणाली. पण तो पडलेला नव्हता. उभा होता.

ते तिने धाकट्याला सांगितलं नाही. सापडला नाही, एवढंच म्हणाली. भावाशी खोटं बोलायची तिला सवय नव्हती. दिवसभर ती विनाकारण त्याच्यावर करवादत राहिली.

दहा-अकरा दिवसांनी संग्रहालयातली अधिकारी काम बघायला आली. तरुण, हुशार, बोलायला मोकळी. तिने इंजिनावरच्या झडपेतून भिंग लावून जिन्यात डोकावलं आणि ती हरखूनच गेली.

"काका, कमाल केलीत! पायऱ्या झिजलेल्यासुद्धा दाखवल्यात!"

ती गेल्यावर धाकट्याने ताईला विचारलं, "ती काय म्हणत होती?"

"पायऱ्या मधे खोलगट झाल्यात. तूच केल्यास ना?"

"मला पायरी दिसते तरी का आता?"

ताईने भिंग घेतलं. काम अप्रतिम होतं, यात वाद नव्हता. प्रत्येक पायरीच्या कडेला दोन ठिकाणी झीज होती. एक डावीकडे, एक उजवीकडे. चढणाऱ्यांची एक वाट, उतरणाऱ्यांची दुसरी. शाळेचा दगडी जिना असाच झिजला होता. त्याला पन्नास वर्षं आणि हजारो पोरं लागली होती.

त्या दिवसापासून ती रोज सकाळी चहाच्या आधी आरसा घेऊन बसू लागली. माणूस कधी इंजिनापाशी असायचा, कधी केबिनच्या दारात. हलताना तिने त्याला एकदाही पाहिलं नाही. एका सकाळी तो कुठेच दिसला नाही. पण जेवणघरातल्या खुर्च्या टेबलापासून मागे सरकलेल्या होत्या. ताईने मोजल्या. नऊ. त्या खुर्च्या धाकट्याने जमिनीला डिंकाने चिकटवलेल्या होत्या, आणि तो दिवस व वेळ तिच्याच अक्षरात वहीत होती.

भीती वाटायला हवी होती, आणि वाटतही होती. पण खरं सांगायचं तर तिला त्याहून जास्त अभिमान वाटत होता. बोट इतकी खरी झाली होती.

बोट न्यायची तारीख आठ दिवसांवर आली तेव्हा धाकट्याने सोनारकामाची बारीक करवत काढली. सकाळची वेळ होती, टेबलावर भरपूर ऊन होतं.

"नको रे," ताई म्हणाली. "हात जोडते."

"चूक ठेवून देणार नाही मी. इतकी वर्षं दिली नाही."

"पुन्हा जोडणार कसा? डोळे कुठून आणशील?"

"नाही जोडली तर नाही जोडली."

त्याने डाव्या हाताची बोटं डेकवरून फिरवत सांधा शोधायला सुरुवात केली. कठड्याला पितळी तारेच्या दोन दांड्या होत्या, दोन्ही त्याने पांढऱ्या रंगवलेल्या. बोटं वरच्या दांडीवरून सरकली आणि थांबली.

"इथला रंग गेलाय. गुळगुळीत झालंय."

ताईने भिंग लावलं. वरच्या दांडीवर पितळ चकाकत होतं. माणसाने चालता चालता हात ठेवावा तसा एक लांबलचक पट्टा.

"तू पुसलंस?"

"मी हातही लावला नाही."

त्याची बोटं खाली उतरली. खालच्या दांडीवर ती जास्त वेळ रेंगाळली.

"ताई, इथेही."

खालच्या दांडीवरचा रंगही घासून गेला होता. पण तिथे पट्टा नव्हता. जवळजवळ असलेले, अगदी बारीक, सुटेसुटे ठिपके होते.

"खालच्या दांडीची उंची किती?" त्याने विचारलं. आवाज अगदी हळू.

वही उघडायची ताईला गरज नव्हती. "बारा मिलिमीटर. म्हणजे पावणेदोन फुटांच्या वर, दोनच्या आत."

"एवढ्या खाली मोठं माणूस हात लावत नाही."

"नाही."

"तीन वर्षांचं पोर लावेल."

ताईने भिंग पुन्हा त्या ठिपक्यांवर धरलं.

"मी आत एकच ठेवला होता ना?"

"एकच."

त्याने करवत खाली ठेवली. बराच वेळ तो खालच्या दांडीखालची मोकळी जागा बोटाने चाचपत राहिला. दांडी आणि डेक यांच्यामध्ये काहीच नव्हतं.

"हे चुकलं माझं," तो म्हणाला. "खालून सरळ पाण्यात जाईल."

पुढचे सात दिवस तो जाळी विणत होता. दातांच्या फटी साफ करायचा रेशमी दोरा त्याच्याकडे रिळांनी पडून होता. त्याने तो उकलून एकेक धागा सोडवला आणि नुसत्या बोटांनी गाठी मारत कठड्याच्या दोन्ही अंगांना, वरच्या दांडीपासून डेकपर्यंत, जाळी लावली. तीन गाठींतली एक चुकायची, की तो ती सोडवून पुन्हा मारायचा. जेवायला बोलावलं तरी उठायचा नाही. ताई शेजारी बसून जाळीचं कुठलं घर मोठं राहिलंय ते सांगायची. सहाव्या दिवशी त्याला दिवाही दिसेनासा झाला आणि तरी त्याने काम थांबवलं नाही. असं देखणं काम त्याच्या हातून डोळे असतानाही झालं नव्हतं. ताईने ते त्याला तसंच सांगितलं, आयुष्यात पहिल्यांदा, एकही चूक न काढता. तो नुसता मान खाली घालून हसला.

ठरल्या दिवशी सकाळी अधिकारी दोन हमाल आणि भलामोठा खोका घेऊन आली. जाळी पाहून तिचा चेहरा अडचणीत आला.

"काका, काम सुंदरच आहे. पण फोटोंमध्ये कठड्याला जाळी नाही. आम्हाला ती काढावी लागेल."

"काढायची नाही," धाकटा म्हणाला.

"पण पुरावा..."

"जाळी काढणार असाल तर बोट इथेच राहील. लिहून द्या."

तिने ताईकडे पाहिलं. ताईने वही आणि पेन तिच्यापुढे सरकवलं. तिने सही केली, थोडं नाराजीने, पण केली.

धाकटा खुर्चीत मागे टेकून बसला. चार महिन्यांत पहिल्यांदा त्याचे खांदे सैल पडले होते. "ताई, एकदा सगळं बघून घे गं," तो म्हणाला. "आता तुझेच डोळे."

हमाल दोऱ्या सोडत होते तोवर ताईने भिंग घेऊन सगळ्या कठड्याला एक फेरी मारली. गाठी घट्ट होत्या, घरं सारखी होती. उजव्या चाकापाशी येऊन ती थांबली. चाकाच्या फळ्या पाण्यावर आपटताना सगळ्यात जवळून दिसल्या असत्या अशी ती जागा. तिथे, खालच्या दांडीच्या थोडं वर, जाळी बाहेरच्या अंगाला मसुराएवढी फुगली होती.

ओढ कमी पडली असेल, असं म्हणून ताईने बोटाच्या टोकाने ती हलकेच आत दाबली.

जाळी क्षणभर सपाट राहिली. मग तिच्या बोटाला रेटत, तितक्याच हलकेपणाने, ती पुन्हा बाहेर आली.