एकही गोळी न सुटणारा सिनेमा

पापडी गावच्या चर्चच्या सणाच्या जत्रेत, रिंगा टाकायच्या स्टॉलवर, बक्षिसांमध्ये तो सिनेमाच्या डिस्कचा खोका दिसला आणि ब्रेंडाचं डोकंच फिरलं. वर तेच चित्र, डॅडींनी मोबाईलवर शंभरदा दाखवलेलं: खंदकात कपडे वाळत घालणारा शिपाई.

"काल पोस्टाने आला," आई चाचरली. "जत्रेला घरटी एक नवी वस्तू द्यायची होती, मी हाच दिला... मला काय ठाऊक?"

डॅडींनी तो मागवला होता. ते जाऊन आता महिना झाला होता.

ब्रेंडाने सहा रिंगा टाकल्या. सहाही हुकल्या. शेजारच्या उंच तरुणाने एकच टाकली... आणि ती अलगद बसली.

"तो माझा आहे," ब्रेंडा म्हणाली.

"आता माझा," तो हसला. "मी जेन्सन. जुने सिनेमे जमवतो. हा युद्धपट कितीतरी वर्षं हरवला होता. एकही गोळी सुटत नाही त्यात! मोजक्याच डिस्क निघाल्यात, आणि ही सीलबंद!"

"मग बघणार कधी?"

"बघणार? सील तोडून? वेडी आहेस का?"

झालं! ब्रेंडा कडाडली. "डॅडींनी कॉलेजात असताना तो एकदाच पाहिला. शेवट कधी सांगितला नाही. म्हणायचे, तू बघ, मग कळेल मी तुझी बोलणी हसत का खातो. आणि तू काय त्याचं लोणचं घालणार?"

जेन्सनचे कान लाल झाले. पण खोका काखेत घट्ट धरून तो निघून गेला.

आठवडाभर ती केळीच्या बागेत धुसफुसत होती. त्याला शिव्या देताना ते लाल कान सारखे आठवायचे — आणि त्याचाही राग यायचा.

रविवारी चर्चमधल्या मिस्सानंतर तो दारात उभा.

"घे. तूच फोड."

"एवढे दिवस काय करत होतास?"

"जमवत होतो... हिंमत."

तिने कोयत्याने प्लास्टिक सर्रकन कापलं. जेन्सनने डोळेच मिटले. घरात प्लेअर नाही हे आठवून ती चिडून वळली, तोवर त्याने बॅगेतून स्वतःचा काढला होता.

सिनेमाच्या शेवटी शिपाई घरी पोचतो. चिखलाच्या बुटांनी उंबऱ्यात येतो आणि बायको त्याला फाडफाड बोलत सुटते. चार वर्षं खंदकात त्याने याच आवाजाची वाट पाहिलेली. तो नुसता हसत ऐकत राहतो.

ब्रेंडाला रडू कोसळलं. जेन्सनने घाबरत तिचा हात धरला.

"रडू नकोस ना... त्यापेक्षा ओरड. आठवडाभर मला तेच ऐकावंसं वाटत होतं."

"मूर्खा!" ती रडतच ओरडली. "पुढच्या रविवारी उशीर केलास ना, तर बघ—"

तो हसत ऐकत राहिला.