रूपराव मिस्त्रीचं अर्धं चाक

ज्याला हसायचं असेल त्यानं आधीच हसून घ्या. मी थांबतो.

झालं? आता ऐका.

ही गोष्ट चार गावं फिरून माझ्या कानावर आलेली नाही. माझ्या सख्ख्या मामांवर गुदरलेली आहे. आणि हरिदासमामा म्हणजे कसे, तर मांजर आडवं गेलं की मुद्दाम त्याच वाटेनं जाणारे. छपन्न सालच्या दसऱ्याला नागपूरला जाऊन त्यांनी दीक्षा घेतली आणि घरातले अंगारे, गंडेदोरे, भूतखेत सगळं एकदाच उंबऱ्याबाहेर काढलं. "जे दिसत नाई ते नाई," एवढंच म्हणायचे. अशा माणसानं मरेपर्यंत एका वस्तूची धास्ती घेतली.

दाराच्या बाहेरच्या कडीची.

साल सत्तावन्न. महिना मे. गाव पुलगाव. आणि रात्रबित्र नव्हती बरं...

भर दुपार होती.

मामांचं वर्ध्याशेजारी नालवाडीला छोटंसं वर्कशॉप होतं. आधी ते एका गिरणीत फिटर होते. दुसऱ्याच्या भोंग्यावर उठायचं, दुसऱ्याच्या भोंग्यावर जेवायचं, याचा त्यांना वीट आला आणि त्यांनी स्वतःचं दुकान थाटलं. पण दुकान चालेना. त्या वर्षी नवे अंबर चरखे निघाले होते, त्यांना पितळेची दातेरी चाकं लागत. वर्ध्यातल्या एका संस्थेनं मामांना सांगितलं, काम तुम्हालाच देऊ, पण चाकं सगळी एकसारखी पाहिजेत. आता कानशीनं दात पाडले तर दोन चाकं सारखी होतील का? त्याला मिलिंग मशीनच हवं. मोठं नाही, टेबलावर बसेल असं. मशीन आलं तर काम, नाही आलं तर दुकानाला टाळं आणि मामा परत भोंग्यावर. सुलोचनामामीपुढं ते हे बोलत नसत, पण तिला का कळत नव्हतं?

नागपूरला एक मशीन त्यांनी पाहून ठेवलं होतं. चांगलं होतं, पण हँडल ढिलं. हँडल थोडं फिरलं तरी चाक ज्यावर बांधतात ते मशीनचं टेबल जागचं हलायचं नाही. अशा मशीनवर एक दात जाड, एक बारीक होणार.

मग त्यांचा गिरणीतला दोस्त कवडू म्हणाला, पुलगावात आमच्या वस्तीमागं रूपराव मिस्त्रीचं मशीन आहे, लढाईनंतर भंगारात निघालेलं विलायती. मिस्त्री वारला. बाई एकटी आहे, देऊन टाकेल. कधी वारला, कसा वारला, हे मामांनी विचारलं.

"काम करता करता," कवडू म्हणाला, आणि त्यानं विषय बदलला.

मामा पुलगावला गेले. घर दाखवून कवडू पाळीवर निघून गेला.

अंगणात कडुनिंब. निंबाखाली एक म्हातारी चिंचा फोडत बसलेली. तीच धुरपताबाई, रूपरावची बायको. मागं टिनाची खोली, लोखंडी दार, खिडकी एकही नाही. वर छपराजवळ हाताएवढा झरोका. मामांनी विचारलं, एवढ्या उन्हाच्या गावात खिडकी काऊन नाही? तर ती म्हणाली, मिस्त्रीनंच ठेवली नाही. दात मोजताना कोणी हाक मारली, कोणी डोकावलं, की त्याची गणती चुकायची आणि चाक वाया जायचं.

मामा हसले. हे दुखणं त्यांनाही ठाऊक होतं. मामीनं चहाला हाक मारली म्हणून त्यांनी किती चाकं भंगारात टाकली होती. मिस्त्री आपल्याच जातकुळीचा कारागीर होता, असं त्यांना वाटलं आणि त्यांना तो न पाहताच आवडला.

धुरपताबाईनं कुलूप काढलं. ती स्वतः आत आली नाही.

"तुमी पाहा," म्हणाली. "खोली तवापासून बंदच हाय. मी उघडतच नाई."

मामा आत गेले. बंद खोलीचा कोंदट वास येईल म्हणून त्यांनी श्वास धरला होता...

वास आला तो ताज्या तेलाचा.

जमिनीवर धूळ होती. भिंतीवर जाळी होती. सांडशीवर गंज होता. मशीनवर मात्र काही नव्हतं. एक कण नाही.

मामांनी मनाची समजूत घातली. बाई पुसत असेल, आपल्याला सांगत नसेल. विकणारा माणूस माल पुसणारच की. त्यांनी हँडल धरून जरासं हलवलं. टेबल लगेच हललं. उलटं फिरवलं. टेबल लगेच मागं आलं. ढील नावालाही नव्हती. मामांचा जीव त्या मशीनवर बसला. नागपूरचं मशीन त्याच क्षणी मनातून उतरलं.

आणि मग त्यांना ते चाक दिसलं.

पितळेचं चाक अजून मशीनवर बांधलेलं होतं. निम्म्याला दात पाडलेले, निम्मं कोरं. आता कारागिराची खोड पाहा. मशीन पारखायचं तर दुसरा कुठलाही तुकडा लावता आला असता. पण अर्धं राहिलेलं काम पाहून मामांच्या हाताला खाज सुटली. पुढचा एक दात पाडून पाहू, मिस्त्रीच्या दाताशी जुळला तर मशीन घ्यायचं, असं त्यांनी ठरवलं.

ते मशीन पायानं चालायचं, शिवणयंत्रासारखं. मामा स्टुलावर बसले. पायटा दाबला. पट्टा फिरला, कटर फिरला. खट्... खट्... खट्... दात पडला. सुरेख जुळला.

तेवढ्यात दार बंद झालं.

पाठोपाठ बाहेरून कडी लागली.

मामांना वाटलं, वारा असेल. पण वारा कडी लावत नाही. त्यांनी पायट्यावरून पाय काढला आणि अंधारात दाराशी गेले. दाराचं लोखंड इतकं तापलं होतं की तळहात भाजला. "बाई, कडी उघडा," म्हणाले. उत्तर नाही. जोरानं म्हणाले. उत्तर नाही. दाराच्या फटीतून धुरपताबाई दिसत होती. निंबाखाली बसली होती, मान खाली, चिंचा फोडून राह्यली होती. बहिरी नव्हती. आताच तर बोलली होती.

मग मामांच्या लक्षात आलं...

पाय काढला तरी मशीन थांबलं नव्हतं.

खट्... खट्... खट्...

चाक आहे, जोरात फिरलं की थोडा वेळ फिरतंच, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. पण थोडा वेळ होऊन गेला. झरोक्यातून उजेडाची एक तिरीप पायट्यावर पडली होती. पायटा वर जात होता, खाली येत होता. त्यावर पाय नव्हता.

हँडल फिरलं. टेबल पुढं सरकलं. पितळ कापल्याचा आवाज आला. टेबल मागं आलं. टक्... चाक एक दात पुढं झालं.

आणि कोणीतरी हलक्या आवाजात मोजलं.

"एक..."

कोरडा आवाज होता. घसा सुकलेल्या माणसाचा.

"दोन..."

मामा ओरडले. बाईंच्या नावानं, कवडूच्या नावानं, जे तोंडाला येईल ते ओरडले. दार लाथांनी हाणलं.

मोजणं थांबलं. मशीन थांबलं. खोलीत एकदम सामसूम झाली, आणि त्या सामसुमीत कोणीतरी मोठा सुस्कारा टाकला. चांगलं चाललेलं काम बिघडल्यावर माणूस टाकतो तसा.

खट्... खट्... खट्...

"एक..."

पुन्हा पहिल्यापासून.

मामा सांगत, भीती काय असते ते मला तिथं कळलं. भूत आहे म्हणून नाही. आपण जितक्यांदा मदतीला हाक मारू तितक्यांदा हे पहिल्यापासून सुरू होणार, हे कळलं म्हणून. त्यांनी तरी आणखी दोनदा ओरडून पाहिलं. माणूस आहे, गप्प कसा बसेल? दोन्ही वेळा गणती तुटली. दोन्ही वेळा सुस्कारा आला. दुसऱ्या वेळचा सुस्कारा त्यांच्या कानाजवळ होता.

वैशाखातलं विदर्भाचं ऊन, वर टिन, खिडकी नाही. सदरा अंगाला चिकटून पुन्हा वाळला. जीभ टाळूला लागली. मामा दारापाशी खाली बसले. स्वतःचा पंचा त्यांनी तोंडात कोंबला, खोकलासुद्धा येऊ नये म्हणून. डोळ्यांपुढं मामी येत होती. नालवाडीला ती वाट पाहत असेल, आणि इथं आपण एका चाकापायी मरणार, असं त्यांना वाटून रडू येत होतं. रडले, पण आवाज न करता.

आकडे वाढत गेले.

मामांना चाकाचे दात किती ते ठाऊक नव्हतं. शेवट कुठं आहे तेच ठाऊक नाही आणि मध्ये ब्र काढायचा नाही. बाहेर रेल्वेची शिट्टी झाली तेव्हा त्यांचा जीव थांबला. आता परत एक... पण नाही. शिट्टी चालत होती. माणसाचाच आवाज चालत नव्हता.

किती वेळ गेला कोण जाणे. मोजणं थांबलं. पट्टा सावकाश थांबला. कटर थांबला.

मामांनी श्वास धरला.

ठक्. ठक्. ठक्.

लोखंडी दारावर आतून तीनदा ठोकलं गेलं. मामांच्या डोक्याच्या वर. मामांचे दोन्ही हात तोंडावर होते.

बाहेर लगेच पावलं वाजली. कडी निघाली. उजेडानं मामांचे डोळे मिटले. उघडले तेव्हा धुरपताबाई दारात उभी होती, हातात पाण्याचे दोन लोटे. एक तिनं मामांना दिला. दुसरा वाकून उंबऱ्याच्या आत ठेवला. मग मामांच्या डोक्यावरून आत, मशीनकडं पाहत तिनं विचारलं,

"झालं काय चाक?"

मामांनी मागं वळून पाहिलं नाही. अंगणात आले, लोटा रिकामा केला. मग त्यांना संताप आला. मी एवढा बोंबलत होतो, तुमाले ऐकू नाई आलं, असं त्यांनी विचारलं.

"आलं ना बापू," ती म्हणाली. "पण मशीन चालू झालं का मी कडी लावतो. त्याचाच नेम होता. म्हणे, मी आतून हाक मारली तरी उघडू नोको, धुरपता, काम सोडून पळायचं मन होते माणसाचं. तीनदा ठोकलं तरच उघडजो."

तिनं चिंचेचा हात पदराला पुसला.

"त्या दिवशी बी असंच ऊन होतं. तो बी लय हाका मारून राह्यला होता. मी नाई उघडलं."

मामांचा राग तिथंच विरघळला. ते तिच्या पाया पडले, पिशवी उचलली आणि स्टेशनची वाट धरली. मशीनचं नावही काढलं नाही.

नागपूरचं ढिलं मशीनच त्यांनी घेतलं. फार हाल काढले त्याच्यापायी, नटाखाली पत्रा दे, हँडल एकाच बाजूनं फिरव, पण चाकं पाडली. काम मिळालं. दुकान उभं राहिलं. पुलगावचं मात्र तेव्हा कोणाला सांगितलं नाही. सांगणार कसं? भूत नाई म्हणून चारचौघांत भांडणारा माणूस तो. तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

पुढच्या उन्हाळ्यात एका दुपारी मामा दुकानात चाक पाडत बसले होते. दार उघडं होतं.

ते बंद झालं. बाहेरून कडी लागली.

मामांनी हाक मारली नाही. त्यांच्यानं हाक मारवलीच नाही. हातातल्या पान्यानं त्यांनी दारावर तीनदा ठोकलं आणि घामानं न्हाऊन उभे राहिले. मामीनं दार उघडलं.

"कडी काऊन लावली?" त्यांनी विचारलं.

मामी त्यांच्याकडं पाहतच राहिली.

"तुमीच तं आतून म्हटलं," ती म्हणाली. "कडी लाव, गणती चुकते."

त्या दिवशी मामांनी तिला सगळं सांगितलं. मग करवत घेऊन दाराची कडी कापली, घराचीही कापली. आमच्या मामाच्या घराला आजही बाहेरून कडी नाही. गावाला जाताना शेजाऱ्याला राखणीला बसवतात.

मी हे सांगतो आहे ते मामांच्या शेवटच्या आजारापायी. मी तिथं होतो, माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. वाचा गेली होती. पडल्या पडल्या ते बोटातल्या अंगठीनं खाटेच्या लोखंडी दांडीवर ठोकायचे. तीनदा. थांबायचे. पुन्हा तीनदा. मामी हातातलं टाकून धावत दाराशी जायची.

दार तर सताड उघडंच असायचं.

ती तरी रोज उंबऱ्यावर उभी राहून म्हणायची, "उघडलं हो, उघडलं. या आता." आणि मामा दाराकडं असे पाहायचे, की जणू ते त्यांना बंदच दिसत होतं.